घड्याळाच्या पोटातली हळद

घड्याळ घेऊन माझ्या दुकानात शिरणारा माणूस आधी घड्याळ काढत नाही. आधी तो पुरुष शोधतो. माझ्याकडे बघतो, माझ्या मागच्या पडद्याकडे बघतो, टेबलाखालीही वाकून बघतो की काय अशी मला शंका येते, आणि मग विचारतो, “भाई न्हाईत का?”

“आहेत की,” मी म्हणते आणि भिंतीवरच्या अब्बांच्या फोटोकडे बोट करते. “पण ते आता वरच्या शाखेत बसतात. खालची शाखा मी बघते.”

मग मी भिंग डोळ्याला लावते. हे मी मुद्दाम सावकाश करते. आधी भिंगावर फुंकर, मग पदराच्या टोकानं पुसणं, मग भुवई उचलून ते डोळ्याच्या खोबणीत बसवणं. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षक जसे खोकायचे थांबतात, तसा समोरचा माणूस गप्प होतो. एका डोळ्याला भिंग लावलेल्या बाईशी वाद घालायची हिंमत सातारा जिल्ह्यात अजून कुणी केलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका बाईनं केली. तिचीच गोष्ट सांगायला आज बसले आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान जुन्या पेठेतल्या बोळात. सासर मिरजेचं, तंबोरे बनवणारं घर. सासरे तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवत तासन्‌तास कान लावून बसायचे आणि अब्बा घड्याळाला कान लावून बसायचे. त्यामुळे लग्न ठरताना दोन्ही घरांत फारसं बोलणं झालंच नाही म्हणतात. सगळे नुसते ऐकत बसले होते. अब्बांना मुलगा नव्हता. हात मात्र माझा त्यांच्यासारखा, जराही न कापणारा. म्हणून पुढं साताऱ्याचं दुकान माझ्याकडे आलं.

आता दुरुस्तीचं काम थोडंच उरलंय. वेळ बघायला लोकांकडे फोन आहेत. माझ्याकडे येतात ती वडिलांची घड्याळं. वडील जातात, दिवसकार्य होतं, कपाट आवरायला काढतात, आणि स्वेटरच्या घडीत एक घड्याळ सापडतं. मुलं ते रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणतात आणि दोन प्रश्न विचारतात: हे काय आहे? आणि याचे किती येतील? मी उत्तर द्यायच्या आधी तिसरा प्रश्न विचारते: “तुम्ही याला काही केलं तर नाही ना?”

तो तिसरा प्रश्न का, ते कळायला आधी माझा धंदा थोडा समजून घ्या. जुन्या घड्याळाची ओळख तीन जागी पटते. पाठीचं झाकण उघडलं की आत मशीन दिसतं; त्यावर कारखान्याची खूण असते. दुसरी जागा केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा धातू. त्याच्या कडा अजून धारदार आहेत की पॉलिश मारून मारून साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात, ते मी बोटानं बघते. तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे डायल, घड्याळाचा चेहरा. डायल जुनी, डागाळलेली, पिवळी पडलेली पण मूळची असेल, तर शौकीन लोक ती मिळवण्यासाठी रांग लावतात. तीच डायल कुणी नव्यानं रंगवली की रांग मोडते. माणसाचा चेहरा सुरकुतलेला असला तरी तो त्याचा असतो. त्यावर मुखवटा चढवला की माणूस कोण, हेच कळत नाही.

कंपन्यांची नावं मी इथं लिहीत नाही. मागे एका लग्नात मी एका कंपनीचं नाव जरा कौतुकानं घेतलं, तर पुढच्या आठवड्यात तिथल्या अर्ध्या वऱ्हाडानं त्याच नावाची घड्याळं माझ्यासमोर मांडली. त्यातली बहुतेक त्या कंपनीला स्वतःलाही माहीत नसतील.

लोक घड्याळ एकटं आणत नाहीत, सोबत गोष्ट आणतात. कोयनानगरच्या बाजूची माणसं आली की मला गोष्ट आधीच पाठ असते. “भाभी, हे भूकंपात बंद पडलेलं घड्याळ. त्या येळंपास्नं काटा हललेला न्हाई.” आता भूकंप पहाटे झाला, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण माझ्याकडे आलेल्या घड्याळांवर विश्वास ठेवायचा तर तो सकाळी न्याहारीच्या वेळी झाला, दुपारी जेवणं आटोपल्यावर झाला आणि संध्याकाळी दिवेलागणीलाही झाला. मी घड्याळ हातात घेते. हळूच चावी देते. घड्याळ टिकटिक करायला लागतं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद नसतो. घरातला भूकंप कुणीतरी पळवून नेल्यासारखं दुःख असतं.

दुसरी गोष्ट फौजेच्या गावांची. “आमच्या आज्ज्याला गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलेलं.” एकदा असंच एक आलं. मी बघितलं, तर डायलवर सुबक देवनागरी आकडे.

“पाहुणं,” मी म्हटलं, “गोऱ्या साहेबानं देवनागरीतलं घड्याळ दिलं?”

तो जराही डगमगला नाही. “साहेब लय शिकलेला व्हता, भाभी.”

मी त्याला चहा पाजला.

आता माझी खासियत सांगते. ही कुठल्या पुस्तकात नाही. अब्बांनी शिकवली आणि पुढं मी वाढवली. घड्याळ कुठल्या कंपनीचं हे मशीन सांगतं, पण ते कुणाच्या मनगटावर होतं हे त्याच्या पोटातली धूळ सांगते. चावीच्या भोकातून, काचेच्या कडेतून धूळ आत शिरते आणि कोपऱ्यात बसून राहते. काळपट चिकट असेल तर साखर कारखान्यातला माणूस. लाल असेल तर दसरा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-खुरपं मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो, आणि नोकरदाराकडे मांडायला काही नसलं की घरची बाई त्याच्या घड्याळालाच हळदीकुंकू लावते. गुलाबी असेल तर गुलाल. तो माणूस कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत नाचलेला असतो. आणि पिवळं असेल तर दोन शक्यता. एक, सांगलीचा हळदीचा बाजार. तिथल्या माणसाच्या घड्याळातच काय, खिशातल्या रुमालातही हळद असते. दोन, पालचा खंडोबा.

उंब्रजजवळच्या पालला पौषात खंडोबाचं लग्न लागतं. तारळी नदीच्या काठावर माणूस मावत नाही. “यळकोट यळकोट जय मल्हार” म्हणत भंडारा उधळतात, भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि थोड्या वेळात आभाळ, माणसं, बैल, ढोल, सगळं पिवळं होतं. यात्रा उलगडली की अब्बांच्या दुकानात बंद पडलेल्या घड्याळांची यात्रा भरायची. अब्बा पाचवेळचे नमाजी. पण खणात पतंगाच्या कागदाचे चौकोन कापून ठेवलेले असत. घड्याळ उघडायचं, मऊ ब्रशनं आतला भंडारा कागदावर उतरवायचा, त्याची पुडी बांधायची, आणि दुरुस्त घड्याळाबरोबर परत द्यायची. “जिसकी अमानत उसकू,” म्हणायचे. प्रसाद झाडून कचऱ्यात टाकायचा नाही, हा दुकानाचा नियम. मीही तो पाळते.

पण काही जण अब्बांपेक्षा हट्टी असायचे. “भंडारा काढायचाच न्हाई, भाई. देव घड्याळात ऱ्हाऊ द्या, आन्‌ घड्याळबी चालू करा.” म्हणजे मासोळी पाण्याबाहेर काढा पण पाण्यातच ठेवा! अशांचं अब्बा काय करायचे, ते योग्य वेळी सांगते. आता हणमंतरावांना दुकानात येऊ द्या. बाहेर चप्पल काढून उभे आहेत.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर ते आले. उंब्रजच्या पुढचं गाव, उसाची शेती, पन्नाशी ओलांडलेली, अंगानं दणकट, आणि हातात मखमली डबी. “भाई” न शोधता थेट माझ्यासमोर बसले.

“तुमी चाचांची लेक न्हवं? आमचं आबा तुमच्या वडलांकडंच यायचं.” आणि डबी उघडून माझ्यापुढं सरकवली. “बगा. लय भारी झालंय न्हवं?”

आतलं घड्याळ एवढं चकाकत होतं की मला भिंग लावायची गरज पडली नाही. गॉगल लावावासा वाटला. डायल पांढरीशुभ्र. आकडे जाड, शाई फुटल्यासारखे. केसच्या कडा घासून गोल. आणि काटे भलत्याच घड्याळाचे. मिनिटकाटा आकड्यांपर्यंत पोचतच नव्हता. उंच नवरीच्या गळ्यात हार घालायला ठेंगणा नवरदेव टाचा उंचावतो, तसा तो प्रत्येक आकड्याखाली धडपडत होता.

मी माझा तिसरा प्रश्न विचारला. “हणमंतराव, याला काही केलं तर नाही ना?”

“केलं की!” ते खुशीनं फुलले. “सगळं केलं!”

मग गोष्ट बाहेर आली. आबा म्हणजे त्यांचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. पगारातून घेतलेलं हे स्विस घड्याळ त्यांनी शेवटपर्यंत हातातून काढलं नाही. जाताना म्हणाले, हे शालनला द्या. शालन ही हणमंतरावांची धाकटी बहीण, मिरजेला दिलेली. हणमंतरावांनी ठरवलं, भाऊबीजेला ओवाळणीतच घालायचं. आणि तिथंच घोटाळा झाला.

“आता तुमीच सांगा भाभी, ओवाळणीत जुनं कसं घालायचं? बहिणीला जुनं लुगडं देतो का आपण? डायल पिवळी पडलेली, डाग, चरे. म्हटलं, बापाची वस्तू हाय, नवी करून द्यावी. पुण्याला एकाकडं दिलं. त्यानं असं चकाचक करून दिलं. ताटात घातलं, तर शालन बगतच ऱ्हायली. म्हणाली, ‘दादा, हे आबांचं न्हवं. आबांचं ईकलंस आन्‌ दुसरं आणून घातलंस.’ ताट तसंच ठेवलं आन्‌ उठून गेली.”

त्यांचा आवाज खाली आला. “तवापास्नं बोलत न्हाई. माझ्या पोरीचं लग्न हाय फाल्गुनात. पोरगी हटून बसलीया, आत्यानं हळद लावल्याबिगर पाटावर बसायची न्हाई म्हणून. आन्‌ आत्या म्हणती, चोराच्या दारात पाऊल टाकायची न्हाई.”

चोर हा शब्द या माणसानं बहिणीच्या तोंडून ऐकला होता आणि आता ते डबीचं झाकण उगाच उघडत-मिटत होते.

“तुमी फकस्त लिहून द्या,” ते म्हणाले. “हे आबांचंच हाय म्हणून. दुकानाचा शिक्का मारून.”

“शिक्क्यानं बहीण येत नसते, हणमंतराव. तिला इथं घेऊन या.”

“ती माझ्या गाडीत बसंना.”

“मग एसटीनं येऊ द्या. पण तुम्ही दोघं समोर असल्याशिवाय मी झाकण उघडणार नाही.”

खरं सांगते, यात थोडी नाटकाची हौस होती. पण थोडी भीतीही होती. पुण्यातल्या त्या कारागिरानं आतलं मशीनसुद्धा बदललं असेल तर? मग शालन खरं बोलत होती, आणि हणमंतरावांना आपण फसलो हेच माहीत नव्हतं. असलं उत्तर कागदावर लिहून पाठवण्यापेक्षा तोंडावर सांगणं बरं.

शालन आली. शिडशिडीत, ठसठशीत कुंकू, बोलणं कोयत्यासारखं. बाकावर बसली आणि भाऊ व आपल्यामध्ये पिशवी ठेवली. पिशवी कसली, कृष्णा नदीच होती ती; हा त्या काठाला, ती या काठाला.

“भाभी, मी काय घड्याळाची भुकेली न्हाई,” तिनं सुरुवातच केली. “माझ्या घरी चार भिंतीला चार हायत. पर माझ्या बापाचं घड्याळ पिवळं व्हतं. हे पांढरंशिप्पट. माझ्या बापाचा काटा लांब व्हता. ह्याचा बगा, पोलिओ झाल्यागत.”

“आगं, नवं काटं टाकल्यात त्यानं,” हणमंतराव म्हणाले.

“तू बोलू नगंस. मी भाभींशी बोलतीया.” ती माझ्याकडे वळली. “आन्‌ आवाज. आबा माझ्या कानाला लावायचं. मी एवढीशी व्हते तवा. म्हणायचं, ‘ऐक शाले, आत खंडोबा हाय. चालतोय बग.’ मी तो आवाज विसरायची न्हाई. ह्याचा आवाज तसा न्हाई.”

मी भिंगावर फुंकर मारली, पुसलं, भुवई उचलली, भिंग बसवलं. तिच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. ती आणखी पुढं झुकली. तिचं कपाळ माझ्या कपाळाला लागायचंच बाकी होतं.

झाकण उघडलं. आत बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पुण्याच्या त्या गृहस्थानं बाहेरून रंगरंगोटी केली होती, पण मशीन खोललंसुद्धा नव्हतं. जुनं, मळकं, घड्याळाच्या केसच्याच काळातलं, त्याच कंपनीचं. त्याच्या आळशीपणाला मी मनातल्या मनात सलाम केला. वरून तेलाचा एक थेंब सोडला होता, तोही नको तिथं. आवाज बदलला होता तो त्यामुळे.

“हे बघा, मशीन मूळचं आहे,” मी म्हटलं.

“बगितलंस?” हणमंतराव अर्धे उठले.

“बस खाली,” शालन म्हणाली. “भाभी, मशीन मशीनसारखंच असतंय. ह्यो माल एकच बनवला व्हता का कंपनीनं? माझ्या बापासाठी?”

मुद्दा बरोबर होता. मी चावीची नळी कोरली. लाकडी काडीच्या टोकावर पिवळी पूड आली. ती पांढऱ्या कागदावर ठेवून मी विजयी मुद्रेनं कागद तिच्यापुढं सरकवला. “हे काय आहे?”

तिनं बोटानं उचललं, चोळलं, वास घेतला. “हळद.”

“भंडारा!” मी म्हटलं. “पालचा!”

“कशावरनं? माझा मालक सांगलीत हळदीच्या अडतीवर हाय. त्यांच्या शर्टाच्या काजात ही हळद निघती. बाजारातल्या कुणाचं जुनं घड्याळ दादानं उचललं असंल, तर त्यातबी हीच निघणार. हळद मला शिकवू नगा, भाभी.”

इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर बसून माझं नाटक पहिल्यांदाच पडलं. धुळीवरून माणूस ओळखणारी मी, आणि ही बाई माझाच पत्ता माझ्यावर उलटवत होती. हणमंतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल, आणि लग्नात हळदीच्या पाटाजवळची एक जागा रिकामी राहील.

आता उरलं होतं डायल काढणं. काटे काढले, बाजूचे दोन बारीक स्क्रू सोडवले, मशीन उलटं केलं, आणि ती पांढरीशुभ्र डायल चिमट्यानं उचलली. कोपऱ्यात आणखी थोडी धूळ मिळेल, एवढीच माझी अपेक्षा.

धूळ नव्हती. मशीनच्या पाटीवर, अगदी कडेला, जिथं एकही चाक फिरत नाही तिथं, तिळाच्या टरफलाएवढा एक चपटा थेंब होता. लाखेचा. आणि त्याच्या आत, काचेत अडकावं तसं, पिवळं.

मी भिंग काढलं. डोळ्यात काही गेलं म्हणून नव्हे.

हट्टी गिऱ्हाइकांचं अब्बा काय करायचे, ते आता सांगते. मशीन पुरतं धुऊन काढायचे, आणि मग त्या निरुपयोगी कोपऱ्यात, डायलच्या मागं, गरम लाखेचा थेंब सोडून त्यात चिमटीच्या टोकावर मावेल एवढा भंडारा बसवायचे. लाख थंड झाली की देव जागच्या जागी आणि चाकं मोकळी. मी लहानपणी बघितलं होतं आणि विसरून गेले होते. असला शहाणा वेडेपणा करणारा दुसरा घड्याळजी वरच्या कोयनेपासून खालच्या मिरजेपर्यंत झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पुण्याच्या त्या गृहस्थानं तो थेंब बघितला असणार. डाग समजून सोडून दिला असणार. आळशीपणाला माझा दुसरा सलाम.

मी दोघांना हे सगळं सांगितलं. मग भिंग शालनच्या हातात दिलं. तिनं ते आधी उलटं धरलं, मी सरळ केलं. ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“दादा,” ती वर न बघता म्हणाली, “खरंच आत हाय की रं.”

“काय?”

“खंडोबा.”

हणमंतराव उठले. दोघांची डोकी एका भिंगावर. मधली पिशवी कधी खाली पडली, कुणाला कळलं नाही.

“मला वाटायचं आबा चेष्टा करत्यात,” ती म्हणाली.

“मला तर कवा कानाला लावून दिलंच न्हाई,” हणमंतराव म्हणाले. “मला म्हणायचं, जा, बैलं सोड.”

शालन हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पदरानं डोळे पुसून भावाकडे बघत राहिली. “मी तुला चोर म्हटलं,” एवढंच म्हणाली. ते म्हणाले, “म्हटलंस. चा घेतीस का?” आमच्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

चहा आला. शालनचा कोयता पुन्हा धारेला लागला. “ती पिवळी डायल कुठं हाय?”

हणमंतराव कपात बघू लागले. “त्यानं ठेवून घेतली. मी म्हटलं, काय करायची असली डागाळलेली.”

ही मात्र सल आहे, आणि ती माझ्या धंद्यात रोजची आहे. ती डायल आता दुसऱ्या कुणाच्या घड्याळात मूळची म्हणून मिरवत असेल. आबांचा चेहरा गेला तो गेला. मी पुण्याला निरोप धाडून बघितला, नाही मिळाली.

“आता ह्याची किंमत किती, भाभी?” शालननं विचारलं. डोळ्यात खोडी होती.

“आता? बाजारात एका बऱ्यापैकी कुकरएवढी.”

“आन्‌ नवं करायच्या आधी?”

“आधी…” मी हणमंतरावांकडे बघितलं. ते हात जोडत होते. पण धंद्यात खोटं बोलायचं नाही. “आधी, दुभती म्हैस.”

शालननं कप खाली ठेवला. “दादा, म्हस बुडवलीस रं.”

दुकानात एवढा हशा झाला की शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला आला.

मी मशीन धुतलं, नको तिथलं तेल काढलं, काटे तरी बरोबर मापाचे शोधून बसवले. लाखेच्या थेंबाला हात लावला नाही. घड्याळ शालनच्या मनगटावर बांधलं. पट्टा पुरुषी, मनगट बारीक. एक जादा भोक पाडावं लागलं. ती भावाच्या गाडीत बसून गेली.

फाल्गुन संपता संपता पुन्हा दोघं दारात. या वेळी मधे पिशवी नाही, मखमली डबी नाही. शालननं हातातलं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं. बंद पडलेलं. काचेच्या आतून पांढऱ्या डायलच्या कडेनं पिवळा ओघळ उतरलेला, पट्टा पिवळा, चावी पिवळी.

मी कपाळाला हात लावला. “शालनताई, तुम्ही याला काही केलं तर नाही ना?”

“केलं की,” ती म्हणाली. “सगळं केलं.”

“पोरीच्या हळदीत हातातनं काढलंच न्हाई हिनं,” हणमंतराव म्हणाले. “कोपरापातूर हात हळदीत. मी म्हटलं, काढ. तर म्हणती, आबांनी पालला कवा काढलं व्हतं?”

माझ्यातल्या घड्याळजीनं हाय खाल्ली. ओली हळद म्हणजे मशीनचा काळ. मी पतंगाच्या कागदाचा चौकोन खणातून काढला आणि ब्रश उचलला. “काढते सगळी. पुडी बांधून देते.”

“काढा की,” ती म्हणाली. “पर सगळी न्हाई. त्यातली एवढीशी आत बसवायची. आबांच्या शेजारी.”

हे काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. लाख बसते तिथं जेमतेम डोक्याच्या केसाएवढीच जागा असते; थेंब मोठा झाला तर डायल बसत नाही, लहान झाला तर टिकत नाही. मी वरच्या शाखेकडे एकदा बघितलं आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. हात कापला नाही. डायल उचलली तेव्हा एक जुना, तांबूस पडलेला थेंब होता. परत बसवली तेव्हा शेजारी एक नवा होता, लग्नघराच्या पिवळ्या रंगाचा. ती डागाळलेली पांढरी डायल पुसून देऊ का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. आता ती कुणाची तरी डायल दिसत होती.

चावी दिली. घड्याळ चालू झालं. शालननं ते उचलून आधी स्वतःच्या कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं. मग हात लांब करून हणमंतरावांच्या कानाला लावलं. पन्नाशी ओलांडलेला तो दणकट माणूस मान वाकडी करून लहान पोरासारखा ऐकत उभा राहिला.

“ऐक दादा,” ती म्हणाली. “आता आत गर्दी झालीया.”